पाठवणीच्या रांगेची कुळकथा

नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर सुरू झाला की पहिलं पॅकेट बाहेर पडण्याआधी काही कामं ठरलेल्या क्रमाने उरकावी लागतात. मेमरीचा एक सलग पट्टा मागून घ्यायचा, तो शून्यांनी पुसून काढायचा, त्याचा पत्ता आणि लांबी कार्डाच्या रजिस्टरांत लिहायची, रांगेचं डोकं आणि शेपूट दाखवणारे दोन्ही आकडे शून्यावर आणायचे. पाठवणी सुरू करणारा बिट लावायचा तो हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी. थोडक्या ओळींचं काम. बहुतेक जण त्या ओळी जुन्या ड्रायव्हरमधून उचलतात आणि पुढे जातात. मला मात्र साऱ्या ड्रायव्हरमध्ये हाच भाग सर्वांत वाचण्याजोगा वाटतो. अशा प्रत्येक ओळीमागे कुणीतरी सोसलेली अडचण आहे.

या रांगेचं मूळ शोधायला इथरनेटच्याही मागे जावं लागतं. कंट्रोल डेटा कंपनीचा ६६०० हा संगणक १९६४ सालचा. सेमूर क्रे यांनी त्याचा मुख्य प्रोसेसर आकडेमोडीसाठी मोकळा ठेवला आणि टेप, डिस्क, छपाई ही बाहेरची कामं दहा छोट्या प्रोसेसरांकडे सोपवली. आता एकाच मेमरीत एकाने माल ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा, आणि कुणी कुणासाठी खोळंबून राहायचं नाही, हे जमणार कसं? या यंत्राच्या प्रणालींमध्ये त्यासाठी गोलाकार बफर होता आणि त्याला चार खुणा होत्या : फर्स्ट, लिमिट, इन आणि आउट. पहिल्या दोन म्हणजे पट्ट्याच्या कडा. डेटा बाहेर पाठवायचा असेल तर मुख्य प्रोसेसरवरचा प्रोग्राम फक्त ‘इन’ पुढे सरकवी आणि छोटा प्रोसेसर फक्त ‘आउट’. दोन्ही एकाच जागी आले की बफर रिकामा. भरलेला बफरही तसाच दिसू नये म्हणून एक जागा कायम मोकळी सोडायची. काम उरकलं की छोटा प्रोसेसर एक बिट लावून तसं कळवी. एका खुणेत एकानेच लिहायचं, दुसऱ्याने ती फक्त वाचायची, एवढ्या शिस्तीवर कुलुपाशिवाय कारभार चाले. आजच्या कार्डांचं डोकं आणि शेपूट ही याच खुणांची वंशावळ आहे, असं मी मानतो.

इथरनेट मात्र पीसीवर आलं ते रांगेशिवाय. थ्रीकॉमच्या १९८२ सालच्या ‘इथरलिंक’ कार्डावर २ किलोबाइटचा एकच बफर होता, तोच जाणाऱ्या पॅकेटला आणि तोच येणाऱ्या पॅकेटला. एक पॅकेट भरायचं, ते तारेवर जाईपर्यंत थांबायचं, मग दुसरं. त्या वेळात समोरून काही आलं तर ते हुकलं. लिनक्सच्या ड्रायव्हरांमध्ये पुढे बरीच वर्षं ‘टीबिझी’ नावाचा एक झेंडा होता, ‘कार्ड कामात आहे, आत्ता काही देऊ नका’ एवढंच सांगणारा. हा झेंडा अशा काळाची आठवण होती.

खरं वळण आलं ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, ‘लान्स’ या चिपने. एएमडीचा एएम७९९०. सन आणि डेकच्या कितीतरी वर्कस्टेशनांत तो बसला. त्याची सुरुवात कशी व्हायची ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. ड्रायव्हर मेमरीत २४ बाइटांचा एक मसुदा तयार करी : कार्य-प्रकार, सहा बाइटांचा इथरनेट पत्ता, मल्टिकास्टची आठ बाइटांची गाळणी, आणि शेवटी दोन रिंगांचे, म्हणजे गोलाकार रांगांचे, पत्ते, एक घेण्याची, एक पाठवणीची. मसुद्याचा पत्ता दोन रजिस्टरांत लिहून तिसऱ्यात ‘इनिट’चा बिट लावला की चिप स्वतः मेमरीत जाऊन तो वाचे आणि ‘वाचला’ म्हणून दुसरा बिट उभा करी. त्यानंतरच ‘स्टार्ट’ म्हणायचं. रिंगेची लांबी सांगायला मसुद्यात तीनच बिट होते, त्यामुळे ती दोनाच्या घातांतच बसे : १, २, ४ असं करत फार तर १२८.

रिंगेतलं प्रत्येक घर आठ बाइटांचं. त्याला डिस्क्रिप्टर म्हणतात. पॅकेट कुठे ठेवलंय, किती लांब आहे, आणि सध्या हे घर कुणाच्या ताब्यात आहे, एवढं त्यात असतं. रहाटाला गाडगी बांधलेली असतात तशी ही घरं. फरक इतकाच की इथे गाडगी जागची हलत नाहीत, भरणारा आणि उपसणारा हेच त्यांच्याभोवती फिरतात. ताबा सांगणारा तो एक बिट, ‘ओन’, या साऱ्या रचनेचा कणा आहे. सुरुवात करताना घेण्याच्या रिंगेतली सगळी घरं चिपच्या ताब्यात द्यायची, कारण पॅकेट कधीही येऊ शकतं. पाठवणीच्या रिंगेतलं एकही द्यायचं नाही, कारण पाठवायला अजून काही नाही. पट्टा पुसायचा तो यासाठीच. जुन्या मेमरीतला कचरा तसाच राहिला आणि ताब्याच्या जागी चुकून १ उरला, तर चिप ते घर आपलं समजते आणि त्यातल्या पत्त्यावर जे काही सापडेल ते निमूटपणे तारेवर सोडते.

ही भीती पोकळ नव्हती, हे एका जवळच्या चुकीने दाखवून दिलं. इथरनेटची सर्वांत लहान फ्रेम, शेवटचे तपासणीचे चार बाइट सोडून, ६० बाइटांची असावी लागते. पॅकेट त्याहून लहान असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरायला हवी. ऑफिर आर्किन आणि जॉश अँडरसन यांनी २००३ च्या जानेवारीत उघड केलं की अनेक ड्रायव्हर ती भरतच नव्हते. बफरात आधी काय होतं ते शेपटाला चिकटून बाहेर जात होतं. दुसऱ्या कुणाच्या पॅकेटचे तुकडे, कर्नलच्या मेमरीतले अवशेष, एका साध्या पिंगच्या उत्तरात! या दोषाला ‘इथरलीक’ हे नाव पडलं.

इंटेलच्या गिगाबिट कार्डांपर्यंत येताना ओनचा बिट मागे पडला आणि डोकं-शेपटाची जोडी ठळकपणे पुन्हा पुढे आली. ई१०००च्या पाठवणी रिंगेत डिस्क्रिप्टर १६ बाइटांचा आणि रिंगेची लांबी १२८ बाइटांच्या पटीत, म्हणून घरांची संख्या आठाच्या पटीत. ड्रायव्हर डिस्क्रिप्टर भरतो आणि शेपटाचा आकडा पुढे सरकवतो. कार्ड डोकं हलवतं आणि झालेल्या घरात ‘डन’चा बिट लावतं. पण काही प्रोसेसर लिहिण्याचा क्रम बदलतात. शेपूट आधी पोचलं आणि डिस्क्रिप्टर मागाहून, तर कार्ड अर्धवट घर वाचणार. म्हणून शेपूट सरकवण्याआधी मेमरीला बांध घालावा लागतो. लिनक्सच्या ई१००० ड्रायव्हरमध्ये हा बांध इटेनियमसारख्या प्रोसेसरांसाठी असल्याचं टिपणच आहे. सुरुवातीला ‘चालू’चा बिट सर्वांत शेवटी लावायचा, तोही याच न्यायाने.

रिंग किती घरांची ठेवायची, हा प्रश्न बराच काळ कुणी गांभीर्याने घेतला नाही. मेमरी स्वस्त झाली, ई१०००मध्ये २५६ घरं ठरून गेली. दीड हजार बाइटांची २५६ पॅकेटं म्हणजे साधारण ३० लाख बिट. गिगाबिट तारेवर ती तीन मिलिसेकंदांत संपतात, पण तेच कार्ड १० मेगाबिटवर चाललं तर शेवटच्या पॅकेटला ०.३ सेकंद ताटकळावं लागतं, आणि फोनवरचं बोलणं तुटायला तेवढं पुरतं. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हटलं आणि मोडेमपासून ड्रायव्हरच्या रिंगेपर्यंत बोट दाखवलं. २०१२ साली लिनक्स ३.३ मध्ये टॉम हर्बर्ट यांचा उपाय आला : घरं मोजण्याऐवजी रांगेत पडलेले बाइट मोजायचे आणि तारेच्या वेगाप्रमाणे मर्यादा आपोआप आवळायची.

त्याने सुरुवातीच्या यादीत एका कामाची भर पडली. ड्रायव्हर किती बाइट दिले ते सांगतो, किती गेले तेही सांगतो. कार्ड बंद करून रिंग पुसली, आतली पॅकेटं टाकून दिली, पण हा हिशेब कोरा करायचा राहिला, तर कर्नलच्या लेखी ते बाइट अजून वाटेतच असतात. मग रिंग पूर्ण मोकळी असूनही रांग पुढे सरकत नाही. म्हणून आता पट्टा पुसतो त्याच ठिकाणी हा हिशेबही शून्यावर आणणारी ओळ लिहावी लागते.