‘पानिपत’ : एका शब्दाचा इतिहास



परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी ‘माझें पानिपत झालें’ असें म्हणतो. निवडणुकींत अनामत गमावलेल्या उमेदवाराविषयीं वर्तमानपत्रेंहि तेंच लिहितात. दिल्लीच्या उत्तरेकडील एका शहराचें नांव मराठींत सामान्यनाम होऊन बसलें, आणि त्याचा अर्थ ठरला ‘पुन्हां भरून न येणारी हानि’. हा अर्थ इतिहासाला कितपत धरून आहे, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

१४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर विश्वासराव पडले, सदाशिवरावभाऊ पडले, आणि हजारों माणसें कापलीं गेलीं. पुत्रशोकानें खचलेले नानासाहेब पेशवे त्याच वर्षीं २३ जून रोजीं पुण्यास पर्वतीवर वारले. पेशवाईचीं वस्त्रें सोळा वर्षांच्या माधवरावांकडे आलीं. १७६३ मध्यें निजामाच्या फौजेनें पुणें लुटलें व जाळलें. आतां राज्य बुडालें, असें कोणासहि वाटावें अशीच ती वेळ होती.

पण तें बुडालें नाहीं. त्याच वर्षीं माधवरावांनीं राक्षसभुवन येथें निजामाचा पराभव केला. जळलेलें पुणें पुन्हां उभें राहिलें. १७७१ मध्यें मराठी फौजा दिल्लींत शिरल्या, आणि महादजी शिंदे यांच्या पाठबळानें बादशहा शाहआलम पुढील वर्षाच्या आरंभीं आपल्या राजधानींत परतला. राज्याची मोडतोड दहा वर्षांत सांधली गेली होती.

मग हा शब्द खोटा म्हणावयाचा काय? नाहीं, मात्र त्याचा खरा अर्थ दरबारांत न शोधतां घरांत शोधावा लागतो. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई रणांगणावरून जिवंत परतल्या. पण पति गेला, हें त्यांनीं अखेरपर्यंत मानलें नाहीं. पुढें ‘मीच भाऊसाहेब’ म्हणणारा तोतया निघाला. १७७६ मध्यें त्यानें कोंकणांत बंड उभारलें, तेव्हां कित्येक किल्ले त्याच्या स्वाधीन झाले. अखेर त्यास पुण्यास देहदंड झाला. पंधरा वर्षें लोटलीं होतीं, दिल्लीहि हातीं येऊन गेली होती. तरी गेलेला माणूस परत येईल, ही आशा लोकांनीं सोडली नव्हती.

म्हणून नापास झालेल्या विद्यार्थ्यास इतकेंच सांगावेंसें वाटतें : पुढल्या वर्षीं परीक्षा पुन्हां आहे. तुमचें झालें तें पानिपत नव्हे. तें ज्यांचें झालें, त्यांच्या दारीं कोणी परत आलें नाहीं.