'ओ' या अक्षरात नेमकं काय नाही?

आज आपण रक्तगटांचा इतिहास पाहणार आहोत, पण एकाच अक्षरापुरता. ते अक्षर म्हणजे 'ओ'.

१९०१ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या माणसांचं रक्त घेऊन त्यांनी एकाच्या तांबड्या पेशी दुसऱ्याच्या सीरममध्ये मिसळून पाहिल्या. काही जोड्यांत पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके झाले, काहींत झाले नाहीत. त्यावरून त्यांनी तीन गट पाडले: ए, बी आणि सी. होय, सी! एबी हा चौथा गट पुढच्या वर्षी इतरांनी दाखवला. 'सी'चा 'ओ' नंतर झाला. जर्मनीत तर आजही तो शून्य म्हणूनच वाचतात.

आता दोन संज्ञा पक्क्या करू. पेशीच्या पृष्ठभागावर जी खूण असते ती प्रतिजन, म्हणजे अँटिजेन. परकी खूण ओळखून तिला पकडणारं द्रव्य ते प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी. 'ओ' गटाच्या पेशींवर ए नाही आणि बीही नाही. म्हणून शून्य. इथवर सगळं सरळ वाटतं, नाही का?

पण आपले नैयायिक इथे थांबवतील. ते म्हणतात, अभाव हा नेहमी कशाचा तरी अभाव असतो. 'नाही' म्हणालात, तर काय नाही ते सांगा. त्याला ते प्रतियोगी म्हणतात. 'ओ'मध्ये दोनच गोष्टींचा अभाव तपासला होता. तिसरी गोष्ट कुणी विचारलीच नव्हती.

ती विचारण्याची वेळ मुंबईत आली. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक नवं निरीक्षण मांडलं. काही माणसांच्या पेशींवर ए नाही, बी नाही. नेहमीच्या तपासणीत ती 'ओ'च ठरावीत. पण त्यांचं सीरम 'ओ' गटाच्या पेशींचेही पुंजके करत होतं! म्हणजे 'ओ' पेशींवर काहीतरी होतं, आणि ते या माणसांजवळ नव्हतं. ते म्हणजे एच प्रतिजन. त्याच्याच पायावर एकेक साखर जोडली जाऊन ए आणि बी तयार होतात. 'ओ'मध्ये नुसता पाया असतो. ज्यांच्याजवळ तो पायाही नाही, त्यांचा गट जगभर 'बॉम्बे' म्हणून ओळखला जातो.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही, बरं का. अशा माणसाला 'ओ' समजून 'ओ' रक्त चढवलं, तर त्याच्या शरीरातली एच-विरोधी प्रतिपिंडं त्या पेशी फोडून टाकतात. जीव जाऊ शकतो. त्याला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. आणखी एक गोष्ट. त्याच्याजवळ बीचं जनुक लपलेलं असू शकतं. मग 'ओ' म्हणून नोंदलेल्या आईबापांच्या पोटी बी गटाचं मूल जन्मतं, आणि दोष नसताना आईवर संशय येतो. एका अक्षराने संसार मोडू शकतो.

म्हणून आपल्या कार्डावर गट लिहिलेला असला, तरी रक्तपेढी रुग्णाचं आणि दात्याचं रक्त पुन्हा जुळवून पाहते. बाहेर बाकावर बसून आपण चुळबुळ करतो, 'गट माहीत आहे ना, मग उशीर कशाला?' म्हणतो. आत त्या वेळी 'नाही' या शब्दाची शहानिशा चाललेली असते. ती होऊ द्यावी.