शिंदे घाट आणि प्रशिक्षकाची गुणपत्रिका

काशीच्या मणिकर्णिका घाटाला लागून उत्तरेस शिंदे घाट आहे. दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांनी तो १८३० च्या सुमारास बांधविला. नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हे नाव वाचूनच घरी आल्यासारखे वाटते. पण या घाटाची दुसरी ओळख अपयशाची आहे. दगडी बांधकाम इतके जड झाले की काठची जमीन ते पेलू शकली नाही आणि घाट खचला. पुढे तो पुन्हा बांधावा लागला. शेजारचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर तर आजही एका अंगाला कललेले आहे आणि पावसाळ्यात त्याच्या गाभाऱ्यात गंगा शिरते.

मागील हिवाळ्यात या पायऱ्यांवर बसलो असताना माझ्या मनात एक अप्रिय प्रकरण घोळत होते. काही महिन्यांपूर्वी एका कार्यालयातील कर्मचाऱ्यांना मी शासकीय खरेदीच्या नियमांचे तीन दिवसांचे प्रशिक्षण दिले होते. शेवटच्या दिवशी अभिप्राय पत्रके भरून घेतली. बहुतेकांनी 'उत्कृष्ट' या रकान्यात खूण केली होती. परीक्षेचे प्रश्न मीच काढले, उत्तरे मीच तपासली आणि सर्व उत्तीर्ण झाल्याचा अहवालही मीच लिहिला. पुढे त्याच कार्यालयाच्या तपासणीला जाण्याचा योग आला. निविदांच्या नस्तींमध्ये त्याच जुन्या चुका होत्या आणि खाली सह्या माझ्याच उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या होत्या. मग मी नेमके कशाचे मूल्यमापन केले होते?

हा प्रश्न काशीला नवा नाही. कंपनी सरकारचे येथील रेसिडेंट जोनाथन डंकन यांनी १७९१ साली संस्कृत पाठशाळा स्थापन केली. हेच डंकन पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. आजचे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय ही त्याच पाठशाळेची परंपरा. डंकन यांनी केलेले नियम प्रशासनाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावेत असे आहेत. विद्यार्थ्यांची परीक्षा वर्षातून चार वेळा, रेसिडेंटच्या समक्ष व्हावी. जे विषय परक्यासमोर बोलणे निषिद्ध, त्यांची परीक्षा ब्राह्मणांच्या समितीने घ्यावी. कागदावर ही व्यवस्था निर्दोष होती.

तरीही दहाएक वर्षांतच पाठशाळेचे पहिले प्रमुख काशीनाथ पंडित यांना गैरव्यवहाराच्या आरोपावरून दूर करावे लागले. याचे कारण माझ्या मते रचनेत होते. बाहेरून येणाऱ्या अधिकाऱ्याला शास्त्र कळत नव्हते आणि ज्यांना शास्त्र कळत होते ते आतलेच होते. ज्याने शिकवावे, त्यानेच हजेरी मांडावी, त्यानेच प्रगती सांगावी, अशी ती घडी होती. अर्थशास्त्रात आम्ही याला माहितीची विषमता म्हणतो. माहिती ज्याच्याकडे आहे त्याच्याच हाती मोजमाप दिले, तर मोजमाप त्याच्या सोयीने झुकते. त्यासाठी माणूस लबाड असावाच लागतो असे नाही. मी लबाडी केली नव्हती; मी फक्त मला सोपे प्रश्न विचारले होते.

१८२० च्या सुमारास एच. एच. विल्सन आणि कॅप्टन फेल यांनी पाठशाळेची पाहणी करून तिची पुनर्रचना केली. विल्सन संस्कृतचे जाणकार होतेच, पण पेशाने ते कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूचा कस लावणारे अधिकारी होते. टांकसाळीचा नियम साधा असतो. नाणे पाडणारा वेगळा, कस लावणारा वेगळा. पाठशाळेत यानंतर दरवर्षी जाहीर वादसभा आणि बक्षीस समारंभ होऊ लागले. वादसभेत विद्यार्थी चुकला तर त्याच्या गुरूचेही उणे सर्वांसमोर उघडे पडते. याच पाठशाळेत पुढे बापूदेव शास्त्री आणि बाळशास्त्री रानडे या मराठी पंडितांनी अध्यापन केले. बापूदेवांचे शिष्य सुधाकर द्विवेदी पुढे गणित आणि ज्योतिषात नावारूपाला आले. गुरूची खरी गुणपत्रिका अशी शिष्याच्या कामावर लिहिली जाते आणि ती वाचायला वर्षे जावी लागतात.

अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार टप्पे मांडले. शिकणाऱ्याला वर्ग आवडला का, तो काही शिकला का, त्याचे कामावरील वागणे बदलले का, आणि त्यातून संस्थेला फळ मिळाले का. आमच्या कार्यालयांतील बहुतेक मूल्यमापन पहिल्या टप्प्यावरच थांबते. चहा चांगला होता, व्याख्याता हसतमुख होता, जेवण वेळेवर मिळाले, खूण 'उत्कृष्ट'वर.

काशीहून परतल्यावर मी स्वतःपुरते तीन नियम केले. परीक्षेचे प्रश्न मी काढायचे नाहीत. ते लेखा शाखेतील सहकाऱ्याने प्रत्यक्ष नस्तींवरून काढावेत. सहा महिन्यांनी प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याच्या तीन नस्ती दुसऱ्या अधिकाऱ्याने पाहाव्यात. आणि प्रत्येक सत्रानंतर, अभिप्राय पत्रके उघडण्यापूर्वी, मी कोठे कमी पडलो ते माझ्या वहीत लिहावे. पहिल्याच वेळी वहीत लिहिले ते असे: निविदा समितीचा भाग मलाच पुरता उमगला नव्हता, म्हणून मी तो घाईने आटोपला. तपासणीत सर्वाधिक चुका सापडल्या त्या तेथेच.

जुन्या अहवालातील निष्कर्ष चुकीचा होता, असे पत्रही मी वरिष्ठांना पाठविले. ते लिहिताना हात जड झाला होता, हे कबूल करतो. पण घाट खचल्याचे लपविता येत नाही. नदी दरवर्षी येऊन पाया तपासते, आणि तिला कोणाचेही अभिप्राय पत्रक दाखविता येत नाही.