फुसका बार आणि माणसाचे अवधान

‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग आज मराठीत घोषणा आणि आश्वासने यांच्यासंबंधी वापरला जात असला, तरी त्याच्यामागे दारूकामाचा एक साधा आणि जुना अनुभव आहे: दारू दमट निघाली, की आवाज होतो, धूर होतो, पण काम होत नाही. ठासणीच्या बंदुकीत, म्हणजे जिच्या नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी आणि वरून चिंधीचा बोळा घालून हे सारे लोखंडी किंवा लाकडी गजाने घट्ट ठासावे लागे अशा बंदुकीत, हा अनुभव वारंवार येई. नळीच्या बुडाशी एका बाजूला बारीक छिद्र असे, त्यास बंदुकीचा कान म्हणत, आणि कानाबाहेरच्या लहानशा वाटीत रंजक, म्हणजे पेट घेण्यास सोपी अशी बारीक दारू, ओतलेली असे. रंजकीला जळता तोडा लागला, की तिची ज्वाला कानातून आत जाऊन मुख्य दारू पेटवी; परंतु कान काजळीने बुजला असेल किंवा आतली दारू ओलसर असेल, तर रंजक भपकन जळून जाई आणि गोळी नळीतच राही. अशा बंदुकीचा इतिहास बहुधा पल्ला, नेम आणि मारकशक्ती यांच्या अंगाने सांगितला जातो. चाप ओढल्यावर बार खरोखर उडेल की नाही, हा जो प्रश्न ती हाती धरणाऱ्याच्या मनात सर्वांत आधी उभा राही, त्याचा इतिहास मात्र तितका सांगितला गेलेला नाही, आणि तो सांगू लागले की तो यंत्राइतकाच माणसाच्या अवधानाचाही इतिहास आहे असे दिसून येते.

दारूचे घटक तीन: सोरा, कोळसा आणि गंधक. यांपैकी सोरा वजनाने सुमारे तीन चतुर्थांश असतो, आणि तो नीट शुद्ध केलेला नसेल तर त्यात राहिलेले इतर क्षार हवेतला दमटपणा ओढून घेतात. कोळसाही ओलावा धरतोच. जून ते सप्टेंबर धारा लागणाऱ्या सह्याद्रीच्या मुलखात ही गोष्ट किती अडचणीची होती, हे वेगळे सांगावयास नको. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमा निघत आणि पावसाळ्यात फौजा छावणीस राहत, याची मुख्य कारणे पूर आलेल्या नद्या, चिखलाच्या वाटा, चारा आणि शेतीचा हंगाम ही होती हे खरे. पण भिजलेला तोडा आणि दमट दारू यांचाही त्यात वाटा होता. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी. ती पेटवली की ज्वाला न होता सावकाश धुमसत राही. तोडेदार बंदूक बाळगणाऱ्या बरकंदाजाला या निखाऱ्यावर सतत लक्ष ठेवावे लागे: टोकावर राख साचली की ती फुंकून झाडायची, दोरी जळेल तशी पुढे सरकवायची, रंजकीवरचे झाकण वेळेपूर्वी उघडे राहू द्यायचे नाही, आणि पेटलेले टोक कंबरेच्या दारूच्या शिंगाजवळ जाऊ द्यायचे नाही. यांपैकी एकही गोष्ट बंदूक आपण होऊन करीत नसे. तिचा भरवसा नळीपेक्षा त्या दोन हातांवर अवलंबून होता.

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील, आणि परंपरेने रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या, ‘आज्ञापत्र’ या राजनीतिपर ग्रंथात गडांसंबंधी जे प्रकरण आहे, त्यात ही जाणीव फार स्पष्टपणे उतरलेली आहे. दारूखाना वस्तीजवळ किंवा घरांच्या वाऱ्याखाली असू नये, हे तर त्यात आहेच. पण याहून लक्षणीय भाग पुढचा आहे. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण आणि होके, म्हणजे शत्रूवर फेकण्याचे दारूने भरलेले गोळे, बाहेर काढवावेत, त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावेत, अशी सूचना तेथे आहे. तसेच राखणीच्या लोकांनी रात्रंदिवस जागत राहावे आणि परवानगीवाचून कोणास जवळ येऊ देऊ नये, असेही बजावले आहे. दारू एकदा भरली म्हणजे काम संपले असे हा ग्रंथकार मानीत नाही. साठवलेली वस्तू पडल्या जागी बिघडते आणि म्हणून तिच्याकडे ठरल्या दिवशी परत परत जावे लागते, हे त्याने राज्यकारभाराच्या पातळीवर लिहून ठेवले, आणि तेही त्या कामाची जबाबदारी एका नेमक्या अधिकाऱ्यावर टाकून. ‘आज्ञापत्रा’चे कौतुक आरमार, वृक्ष आणि गडबांधणी यांवरील मजकुरासाठी नेहमी होते, दारूला ऊन दाखवण्याची ही साधी ओळही त्याच मोलाची आहे.

ही काळजी न घेतल्यास काय होते, याचे उदाहरण चार दशकांनी बंगालमध्ये घडले. 23 जून 1757 रोजी प्लासीच्या आमराईजवळ लढाई चालू असता दुपारी जोराचा पाऊस आला. इंग्रजांनी आपली दारू ताडपत्रीखाली झाकली, नवाब सिराजउद्दौलाच्या तोफखान्याची दारू मात्र भिजली. पाऊस ओसरल्यावर, इंग्रजांच्या तोफाही बंद पडल्या असतील या समजुतीने नवाबाचा सरदार मीर मदन पुढे सरसावला आणि त्या माऱ्यात पडला. प्लासीच्या निकालात फितुरीचा भाग फार मोठा होता आणि ताडपत्रीने राज्य मिळवले असे म्हणणे चुकीचे ठरेल. तरी एकाच पावसात, सारख्याच दारूच्या आधाराने लढणाऱ्या दोन सैन्यांपैकी एकाच्या तोफा चालल्या आणि दुसऱ्याच्या चालल्या नाहीत, एवढी गोष्ट उरतेच.

तोड्याच्या जागी गारगोटी आली, तेव्हा निखारा सांभाळण्याचे काम संपले. घोड्याच्या तोंडात बसवलेली गार पोलादी पट्टीवर आदळून ठिणग्या पाडी आणि त्या रंजकीवर पडत. पण गार झिजे, काही डझन बारांच्या आत ती बदलावी लागे, आणि रंजक उघड्यावर असल्याने वारा-पावसाचा धोका कायम राहिला. खरा बदल स्कॉटलंडमधील बेलहेल्वी येथील अलेक्झांडर फॉर्सिथ या पाद्र्याने घडवला. त्याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता, आणि रंजकीचा भपका पाहून गोळी पोहोचण्याआधीच पक्षी उडून जातात अशी त्याची तक्रार होती. आघाताने पेट घेणारे रसायन वापरून त्याने 1807 मध्ये नव्या रचनेचे पेटंट मिळवले, आणि पुढच्या दोन दशकांत त्यातूनच तांब्याची लहान टोपी निघाली. ती नळीच्या कानावरील बोंडावर बसवली आणि घोडा तिच्यावर आपटला, की बार उडे. ब्रिटिश लष्कराने 1834 मध्ये वुलिच येथे दोन्ही प्रकारच्या बंदुकांतून प्रत्येकी 6,000 बार काढून परीक्षा घेतली. त्यात गारेच्या बंदुकांचे 922 बार फुकट गेले, तर टोपीच्या बंदुकांचे केवळ 36. साडेसहा बारांमागे एक अपयश येत होते, ते आता सुमारे 166 बारांमागे एक येऊ लागले. या क्षेत्रात इतकी मोठी उडी त्यापूर्वी कधी पडली नव्हती.

असे असताना, एकोणतीस वर्षांनी, अमेरिकेच्या यादवी युद्धात जे आढळले ते चकित करणारे आहे. जुलै 1863 मध्ये गेटिसबर्गची लढाई संपल्यावर रणांगणावरून 27,000 हून अधिक बंदुका गोळा करण्यात आल्या, आणि त्यांपैकी सुमारे 24,000 भरलेल्या होत्या. एकच बार भरलेला असणे समजण्याजोगे आहे, कारण भरल्यानंतर आणि झाडण्यापूर्वी शिपाई पडला असेल. परंतु सुमारे निम्म्या बंदुकांत एकावर एक असे दोन बार होते, चतुर्थांशांत तीन ते दहा, आणि एका बंदुकीत तर तेवीस. या बंदुका बहुतांशी टोपीच्या, म्हणजे त्या काळच्या मानाने भरवशाच्या होत्या. शिपायाने दारू आणि गोळी ठासली, टोपी बसवायची राहून गेली किंवा टोपी पेटूनही बार उडाला नाही, आणि हजारो बंदुकांच्या गजरात, धुरात आणि भीतीत आपल्या खांद्याला धक्का बसलेला नाही हे त्याच्या ध्यानात न येताच त्याने पुढचा बार ठासला. काही लेखकांनी यातून शिपायांना माणसे मारावयाची नव्हती असा अर्थ काढला आहे. पण नुसते अनवधान हे कारण अधिक सरळ आहे आणि आकड्यांना अधिक जुळते. हातांना शिकवलेली क्रिया हातांनी बिनचूक केली; ती फळास आली की नाही हे पाहणारे मन मात्र दुसरीकडे होते.

विसाव्या शतकात हाच प्रश्न उलट्या बाजूने आला. व्हिएतनामच्या युद्धात 1965 पासून अमेरिकी सैनिकांना मोठ्या प्रमाणावर दिलेली एम-16 ही रायफल वजनाने हलकी आणि रचनेने आधुनिक होती, आणि तिला फारशी साफसफाई लागत नाही असा समज सैन्यात पसरलेला होता. अनेकांना सफाईचे साहित्यही मिळाले नाही. याच सुमारास काडतुसातील दारूचा प्रकार बदलला होता आणि नवी दारू अधिक काजळी धरीत होती. काडतूस जेथे बसते त्या कोठीला क्रोमचा मुलामा नसल्याने दमट हवेत तेथे गंज चढे. परिणामी झाडलेल्या काडतुसाचे रिकामे टरफल कोठीत अडकून बसे, आणि ते काढण्यासाठी सैनिकाला, लढाई चालू असता, सफाईचा गज नळीच्या तोंडातून आत सारावा लागे. शंभर वर्षांपूर्वीचा गज अशा रीतीने सर्वांत नव्या बंदुकीच्या सोबतीला परत आला. यात माणसे मेली, घरी पत्रे गेली, आणि 1967 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी करून लष्करी व्यवस्थेवर कठोर ठपका ठेवला. पुढे मुलामा आला, सफाईचे साहित्य आले, आणि विल आयस्नर या चित्रकथाकाराकडून सचित्र पुस्तिका करून घेऊन सैनिकांना निगा राखण्याचे धडे पुन्हा द्यावे लागले. येथे दोष सैनिकाच्या अनवधानाचा नव्हता. ज्यांनी त्याला अवधानाची गरज नाही असे सांगितले, त्यांचा होता, आणि तो अधिक गंभीर होता.

मोटारगाडीचा इतिहास बंदुकीशी जोडणे वरवर पाहता ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. परंतु यंत्र जसजसे भरवशाचे होते तसतसे ते चालवणाऱ्याचे मन मोकळे होते, हा क्रम दोन्हींत एकच आहे. 1908 साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत इंजिन हाताने दांडा फिरवून सुरू करावे लागे, ठिणगीची वेळ आणि इंधनाचे प्रमाण सुकाणूखालच्या दोन दांड्यांनी जुळवावे लागे, आणि गती बदलण्याचे, मागे जाण्याचे व थांबण्याचे काम पायाखालच्या तीन पट्ट्यांवर चाले. तोड्याचा निखारा सांभाळणाऱ्या बरकंदाजाप्रमाणे या चालकालाही दुसरीकडे लक्ष देण्यास फुरसत नव्हती. 1912 पासून विजेवर सुरू होणारी इंजिने येऊ लागली, पुढे बाकीच्या क्रियाही सोप्या झाल्या, आणि मोकळ्या झालेल्या मनात 1930 च्या सुमारास पहिली गोष्ट शिरली ती गाडीतला रेडिओ. अमेरिकेत काही ठिकाणी त्यावर बंदी घालण्याचे प्रस्तावही आले. ती भीती त्या वेळी अवास्तव ठरली असली, तरी प्रश्न चुकीचा नव्हता.

त्याचे उत्तर मोबाइल फोनने दिले. कॅनडातील रेडेलमायर आणि तिबशिरानी या संशोधकांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो असे आढळले. आणि हातात न धरता बोलण्याने तो कमी होतो असेही त्यात दिसले नाही. म्हणजे अडचण हाताची नसून मनाची आहे. ताशी 90 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 25 मीटर पुढे जाते. संदेश वाचण्यासाठी चार सेकंद नजर खाली गेली, तर शंभर मीटर रस्ता न पाहता ओलांडलेला असतो, आणि तेवढ्या अंतरात शाळेतून परतणारी मुलेही असू शकतात. भारतात मोबाइलवरचे पहिले संभाषण 31 जुलै 1995 रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाले. मोटार वाहन कायद्याच्या धोकादायक वाहनचालनाविषयीच्या 184 व्या कलमात, हाती धरलेल्या संपर्कसाधनाचा वापर लाल दिवा ओलांडण्याच्या रांगेत स्पष्ट शब्दांत लिहिला गेला तो 2019 च्या दुरुस्तीने, आणि पहिल्या अपराधाला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरली. मधली चोवीस वर्षे फार झाली असेच म्हटले पाहिजे. शिवाय हाती न धरलेल्या फोनविषयी हे कलम काही बोलत नाही, आणि अभ्यासाने दाखवलेला धोका तर तेथेही आहे.

कोकणात, मुंबई-गोवा महामार्गाच्या दोन्ही अंगांच्या गावांत, या इतिहासाची जुनी आणि नवी टोके अजून एकत्र नांदतात. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे, आणि भात, नाचणी, काजू यांच्यावर येणारी रानडुकरे व माकडे हाकण्यासाठी अशा बंदुका तेथे परवान्याने बाळगल्या जातात. निवडणुका आल्या की त्यांपैकी अनेक पोलीस ठाण्यात जमा होतात, आणि हंगाम हातचा गेल्यावर कधी कधी परत मिळतात. शेतकऱ्यांची ही तक्रार रास्त आहे. अशी बंदूक बराच काळ दुसऱ्या जागी राहून परत आली, की ती रिकामी आहे की भरलेली हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी ठासणीच्या बंदुकीइतकीच जुनी रीत आहे: बंदुकीचा दस्ता जमिनीवर टेकवून, तोंड आपल्यापासून दूर धरून, गज सावकाश नळीत सोडायचा, आणि रिकाम्या नळीत तो कोठवर उतरतो हे दाखवणारी जी खूण त्यावर आधीच केलेली असते, ती नळीच्या तोंडाशी आली आहे की चार बोटे वर राहिली आहे, ते पाहायचे.