यावल अभयारण्य : कधी जावं, काय दिसतं आणि परवाना कुठे लागतो

पावसाळ्यात रविवार आला की सावदा-खिरोद्याकडून पालला जाणाऱ्या गाड्या वाढतात. धुक्यात फोटो, गरम भजी, गारबर्डी धरणावर एक चक्कर आणि संध्याकाळी घरी. जंगल मात्र बघायचं राहूनच जातं. ज्यांना खरंच पायी फिरायचं आहे, पक्षी-प्राणी बघायचे आहेत, त्यांच्यासाठी ही माहिती.

यावल अभयारण्य १९६९ साली घोषित झालं. क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर, उत्तरेला मध्य प्रदेशची हद्द. नाव यावलचं असलं तरी पर्यटक जातात ते पाल रावेर तालुक्यात येतं. आत आणि आजूबाजूला पावरा, तडवी समाजाचे पाडे आहेत.

टीव्हीवर दिसतं तसं किंवा आंबोलीसारखं बारमाही हिरवं जंगल इथे शोधू नका. हे पानगळीचं रान. साग, सालई, अंजन, धावडा, तिवस, पळस, मोह. उन्हाळ्यात उघडंबोडकं दिसतं, म्हणून कोणी त्याला वाळलेलं समजतो. पण सुकी, मोर, अनेर या नद्या सातपुड्यातूनच खाली तापीकडे येतात. डोंगराच्या पायथ्याला गोटे-वाळूचा जो पट्टा आहे, त्याला भूगर्भवाले 'बझाडा' म्हणतात. पावसाचं पाणी तिथे मुरतं आणि रावेर-यावलच्या केळीच्या विहिरींना, बोअरला पोहोचतं. वर झाडं तुटली की पाणी मुरण्याआधीच माती घेऊन वाहून जातं. त्यामुळे हे जंगल केळीवाल्याच्याही कामाचं आहे.

कधी जावं

पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, पण झाडीत प्राणी दिसत नाहीत, निसरडंही असतं. चालायला आणि पक्षी बघायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला. भरीत-भाकरीचा डबा घेऊन सकाळी लवकर निघा. मार्चनंतर पानं गळतात, पाणी डोहांपुरतं उरतं आणि प्राणी पाण्यावर येतात. पण तेव्हा ऊनही आपल्या खान्देशाचं असतं. याच दिवसांत पहाटे मोहाची फुलं पडतात आणि अस्वल ती खायला येतं. पाड्यावरची माणसंही फुलं वेचायला त्याच वेळी जातात. अस्वल बिबट्यासारखं गुपचूप सरकून जात नाही, अचानक समोरासमोर आलं तर अंगावर येतं. म्हणून एकट्याने जायचं नाही आणि स्थानिक माहितगार बरोबर घ्यायचाच.

बिबट्या, अस्वल, तरस, सांबर, भेकर, नीलगाय, रानडुक्कर हे इथले प्राणी. वाघ बघायचाच असं ठरवून येऊ नका, बहुतेक वेळा निराश व्हाल. ठसे, विष्ठा, झाडावरचे नखांचे ओरखडे वाचता आले तर मात्र फेरी वाया जात नाही.

परवाना

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २७ आणि २८ प्रमाणे अभयारण्यात जायला परवाना लागतो. सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्याला आणि आत राहणाऱ्यांना तो लागत नाही. पण रस्ता सोडून तुम्ही रानात शिरलात की लागतो. अनेकांचा घोळ इथेच होतो. पालच्या वन कार्यालयात आधी विचारून घ्या. आग पेटवणं, शस्त्र नेणं, कचरा टाकणं, प्राण्यांना त्रास देणं हे गुन्हे आहेत. वनवा किंवा जखमी प्राणी दिसला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लावा.

रानपिंगळा

जाणकार पक्षीमित्र लांबून येतात ते या पक्ष्यासाठी, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जणांना तो माहीतच नाही. १८८४ नंतर रानपिंगळ्याची खात्रीची नोंदच नव्हती. एका इंग्रज संग्राहकाने १९१४ चा नमुना दाखवला होता, पण तो चोरलेला जुना नमुना होता आणि त्यावर खोटं लेबल लावलेलं होतं. त्या लेबलामुळे शोधणारे चुकीच्या ठिकाणी फिरत राहिले. लबाडी उघडकीला आल्यावर पामेला रासमुसेन आणि बेन किंग जुन्या खान्देशातल्या नोंदींकडे वळले. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना हा पक्षी शहाद्याजवळ दिसला. ११३ वर्षांनी! शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. पुढे यावल अभयारण्यातही त्याच्या नोंदी झाल्या.

गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतातच. छातीवर गडद तपकिरी रुंद पट्टा, पाय जाड आणि पांढऱ्या पिसांचे. दुसरी खूण म्हणजे तो दिवसा शिकार करतो. सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसून सरडे, उंदीर, किडे टिपतो.

घरटं करतो तो जुन्या झाडाच्या ढोलीत. नवीन रोपं कितीही लावली तरी ढोली पडायला वर्षं जातात, म्हणून एक जुनं झाड तोडलं की त्याचं घरच जातं. त्यात घुबडांना अंधश्रद्धेपायी, जादूटोण्यासाठी मारणारेही आहेत. तो कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मारला तर तुरुंगवास होऊ शकतो.

तुम्हाला दिसलाच तर लांबून बघा. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका, तो शिकार सोडून हद्द राखायला धावतो. फोटो काढायला हरकत नाही, पण ढोलीजवळ जाऊ नका. फोटो ग्रुपवर टाकताना झाड, नाला, पाडा काही लिहू नका, लोकेशन बंद ठेवा. घरट्याचा पत्ता फॉरवर्ड होत कोणाच्या हातात पडेल ते आपल्याला कळत नाही.