पाटीवरचा आकडा, कागदावरचं नाव

नागभीडच्या चौकात अर्धा तास उभं राहिलं, तर चार जिल्ह्यांच्या गाड्या सहज मोजता येतात. 34 चंद्रपूरची, 33 गडचिरोलीची, 36 भंडाऱ्याची, 31 नागपूरची. फारसं न शिकलेला माणूसही पाटी पाहून पाहुणे कुठले ते ओळखतो. या पाटीला मोठा इतिहास आहे. जुनी गाडी घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं तो माहीत करून घ्यावा, असाही आहे.

1893 साली पॅरिसच्या पोलिसांनी हुकूम काढला की, प्रत्येक मोटारीवर धातूची पाटी हवी. तिच्यावर मालकाचं नाव, पत्ता आणि क्रमांक हवा. म्हणजे सुरुवातीला नाव आणि आकडा एकाच पाटीवर होते. पुढे नाव सरकारी दप्तरात गेलं आणि रस्त्यावर फक्त आकडा उरला. गाडीच्या व्यवहारातल्या बहुतेक भानगडी या दोघांच्या ताटातुटीतून जन्मल्या आहेत.

इंग्लंडमध्ये 1 जानेवारी 1904 पासून क्रमांक सक्तीचे झाले. पुढे तिथं क्रमांकाचा स्वतंत्र बाजार उभा राहिला. गाडी विकायची, पण आवडता क्रमांक स्वतःकडे ठेवून दुसऱ्या गाडीवर लावायचा, अशी सोय कायद्यानंच दिली. त्यामुळे तिकडे जुनी गाडी घेताना ‘क्रमांक सोबत मिळणार का?’ हे आधी विचारावं लागतं. आपल्याकडे मूळ विचार वेगळा. क्रमांक गाडीला मिळतो, माणसाला नव्हे.

आपल्या देशात 1914 साली मोटार वाहन कायदा आला. 1939 च्या कायद्यानं प्रत्येक प्रांताला अक्षरं वाटून दिली. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. 1964 मध्ये चांद्याचं चंद्रपूर झालं आणि 1982 मध्ये गडचिरोली वेगळा निघाला. त्यानंतर 1 जुलै 1989 पासून नवा कायदा लागू झाला आणि राज्याची दोन अक्षरं, मग कार्यालयाचा आकडा, अशी आजची पाटी आली. 33 आणि 34 हे एकाच घरातून वेगळे निघालेल्या दोन भावांसारखे शेजारी आकडे आहेत.

आकड्यावर माणसाचा जीव जडतो, ही गोष्ट मात्र मोटारीहून कितीतरी जुनी. आपले जुने कवी ग्रंथाचा शक सांगताना एकसाठी चंद्र म्हणत, दोनसाठी नेत्र, चारसाठी वेद. फारसी-उर्दूत अक्षरांच्या बेरजेनं साल काढायची रीत आहे. ‘बिस्मिल्ला’च्या पूर्ण वाक्याची बेरीज 786 येते ती याच हिशेबानं. मोटारीवर 786 हवा असणारा आणि 4141 ची ‘दादा’ करून मिरवणारा, दोघेही त्याच जुन्या खेळातले गडी. फरक इतकाच की, आकडे वाकडे करून अक्षरं काढणं हा कायद्यानं गुन्हा आहे. पाटीवर रोमन अक्षरं आणि साधे आकडेच चालतात. आता तर होलोग्राम असलेली उच्च सुरक्षा पाटी 2019 पूर्वीच्या गाड्यांनाही सक्तीची झाली आहे.

ही हौस सरकारनंही ओळखली. आवडीच्या क्रमांकाचं शुल्क 2013 साली वाढलं आणि 2024 च्या ऑगस्टअखेर पुन्हा. चारचाकीसाठी 0001 हवा असेल, तर बहुतेक जिल्ह्यांत 3 लाखांऐवजी 5 लाख रुपये मोजावे लागतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत 6 लाख. याच अधिसूचनेनं एक जुनी मनाई उठवली. पसंतीचा क्रमांक आता पती-पत्नी, मुलगा वा मुलगी यांच्या नावे करता येतो. वडिलांच्या गाडीचा आकडा घरात राहावा, असं वाटणाऱ्यांची सोय झाली. म्हणून देखणा क्रमांक पाहून कोणी गाडीची किंमत वाढवून सांगत असेल, तर तो क्रमांक गाडीसोबत राहणार की घरात जाणार, हे पैसे देण्याआधी परिवहन कार्यालयातून पक्कं करावं.

पण खरा धोका फुकटच्या, साध्या क्रमांकातही असतो. आपल्या भागात जीप विकली जाते, पैसे हातात पडतात, कोऱ्या फॉर्मवर सह्या होतात आणि चहा पिऊन माणूस मोकळा होतो. दप्तरात मात्र त्याचंच नाव राहतं. सर्वोच्च न्यायालयासमोर 2018 साली असंच प्रकरण आलं. एकानं 2007 मध्ये मोटार विकली. ती हातोहात पुढे गेली, नोंद कोणीच बदलली नाही. 2009 मध्ये अपघात झाला. न्यायालयानं सांगितलं की, ज्याचं नाव नोंदीत, तोच मालक; भरपाईची जबाबदारी त्याचीच. दोन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीनं त्याला असं गाठलं.

उपाय फार अवघड नाही. राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्यानं 14 दिवसांत फॉर्म 29 भरून कळवायचं आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत फॉर्म 30 देऊन नाव लावून घ्यायचं. विमाही 14 दिवसांत आपल्या नावे करायचा. पाटीवरचा क्रमांक पाहून भागत नाही. आरसीवरचे इंजिन आणि चासी क्रमांक गाडीशी ताडून पाहावेत, बँकेचा बोजा आणि थकलेली चलानं बघावीत. मालक वारला असेल, तर आधी वारसाचं नाव लागलं पाहिजे; त्यासाठी फॉर्म 31 आहे. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठीही नियम आले आहेत. गाडी त्यांच्या ताब्यात दिली, की तशी नोंद ऑनलाइन करता येते. ती झाल्याशिवाय किल्ली देऊ नये.

एका जिल्ह्यातून दुसऱ्यात, एका हातातून दुसऱ्या हातात गाडी फिरत राहते. आकडा तिच्यासोबत जातो. नाव आपोआप मागून जात नाही, त्याला आपणच कार्यालयापर्यंत न्यावं लागतं. यंदा कुणी गाडी विकली असेल, तर आज आरसीवर कुणाचं नाव आहे, तेवढं एकदा बघून घ्यावं.