वेशीपलीकडचा कोड

आपल्या स्मरणिकेत होळकरकाळावर दरवर्षी एखादा लेख असतोच. आम्ही त्या वाटेला जात नाही. तो मान आमच्यापेक्षा ज्येष्ठ सभासदांचा. आम्ही राज्य शासनाच्या नोकरीतले, शिक्षण पॉलिटेक्निकच्या पदविकेपर्यंत. आम्हाला ठाऊक असलेला इतिहास जेमतेम तीस वर्षांचा आणि तोही संगणकाच्या पोटातला. पण त्यात इंदूरच्या मराठी घरांतले एक नाव येते, म्हणून तो इथे सांगण्याचे धाडस करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात निवृत्तिवेतनाच्या जुन्या नोंदी नव्या प्रणालीत नेण्याचे काम निघाले. जुन्या नोंदी कृतिदेव फॉन्टात टंकलेल्या. कृतिदेवात अक्षर साठवले जात नाही, अक्षराचा आकार साठवला जातो. फॉन्ट बदलला की पडद्यावर नुसती इंग्रजी खुणांची भेळ दिसते. ती युनिकोडमध्ये बदलणारा एक छोटा प्रोग्रॅम सी भाषेत पूर्वीच कुणा कंत्राटदाराने लिहून ठेवला होता. नवी प्रणाली जावा भाषेत. जावाने एकेक नाव सी प्रोग्रॅमकडे द्यायचे आणि बदललेले परत घ्यायचे, एवढेच काम. यादी सुरू व्हायची, हजार-दीड हजार नावे सुरळीत जायची आणि मग सगळा कारभार एकदम आडवा. चुकीचा संदेश दाखवून थांबणे वेगळे. हा जागीच मरायचा. पुन्हा चालवावा तर दुसऱ्याच नावापाशी. जी नोंद पलीकडे जाणार नाही तिचे निवृत्तिवेतन अडकणार होते. ‘अडलेली नावे बाजूला काढा, पुढे बघू’ अशी सूचनाही आली. सरकारी भाषेत ‘पुढे बघू’ म्हणजे काय, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

हा प्रकार समजायला थोडे मागे जावे लागते. सी भाषा डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२च्या सुमारास घडवली. तिच्यात स्मृतीचा सगळा हिशेब प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती. किती जागा मागायची, कुठपर्यंत लिहायचे, केव्हा सोडायची, हे त्याने पाहायचे. कुणी विचारणार नाही. याउलट सन मायक्रोसिस्टम्सने मे १९९५मध्ये जाहीर केलेली, जेम्स गॉसलिंग यांची जावा. तिच्यात आपला प्रोग्रॅम आणि यंत्र यांच्यामध्ये एक कारभारी बसतो, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. हद्दीबाहेर लिहू लागलात तर तो तिथेच हात धरतो. नको असलेल्या वस्तू तोच उचलून नेतो. हे झाडलोटीचे तंत्र मुळात जॉन मॅकार्थी यांनी १९६०च्या आसपास लिस्प भाषेसाठी काढलेले. अशा राखणीतल्या कोडला पुढे मायक्रोसॉफ्टने ‘मॅनेज्ड’ म्हटले आणि थेट यंत्रावर चालणारा तो ‘नेटिव्ह’.

पण जगातले अर्धे उपयोगी सामान आधीच सीमध्ये लिहिलेले होते. त्याच्याशी बोलल्यावाचून जावाचे चालणार नव्हते. आपल्या घरांत नाही का, उंबऱ्याच्या आत मराठी आणि गल्लीत पाऊल टाकले की हिंदी? तसेच. मात्र इथे उंबऱ्याबाहेर कारभाऱ्याचा हुकूम चालत नाही. वेशीपलीकडे काय घडले ते त्याला दिसत नाही आणि पलीकडच्याने घातलेल्या गोंधळाने घर मात्र त्याचेच कोसळते.

म्हणून ही वेस कशी बांधायची, यावर सुरुवातीपासून वाद. १९९६च्या पहिल्या जावात सी प्रोग्रॅमला जावाच्या वस्तू सरळ आतून हाताळता येत. सोय झाली, पण वस्तूंची मांडणी पक्की बांधली गेली. कारभाऱ्याला नंतर घर आवरायचे म्हटले तर बाहेरच्यांच्या हातात जुनेच पत्ते. नेटस्केपने आपली वेगळी पद्धत सुचवली, मायक्रोसॉफ्टने आपली वेगळी काढली. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत वेग होता, पण झाडलोट केव्हा थांबवायची आणि केव्हा सुरू करायची हे सी लिहिणाऱ्याने सांभाळायचे. शेवटी १९९७च्या जावा १.१मध्ये सनने जेएनआय, म्हणजे जावा नेटिव्ह इंटरफेस, आणला. त्यात सीला वस्तूचा पत्ता मिळत नाही, नुसता बिल्ला मिळतो. काही हवे असेल तर ठरलेल्या खिडकीवर तो बिल्ला दाखवून मागायचे. काम थोडे संथ होते, पण आत कारभारी सामान कुठेही हलवायला मोकळा. शेंग लियांग यांनी १९९९मध्ये यावर पुस्तक लिहिले, ते जाणकार आजही चाळतात.

मायक्रोसॉफ्टने आपल्या जावात जेएनआय घेतलेच नाही. ऑक्टोबर १९९७मध्ये सनने कॅलिफोर्नियाच्या फेडरल न्यायालयात दावा लावला. त्यातल्या मुख्य तक्रारींत जेएनआय गाळल्याची तक्रार होती. एका वेशीच्या बांधणीवरून दोन बलाढ्य कंपन्या न्यायालयात उभ्या राहतात, हे आम्हाला आजही नवलाचे वाटते. नोव्हेंबर १९९८मध्ये न्यायाधीश रोनाल्ड व्हाइट यांनी मायक्रोसॉफ्टला जेएनआय घालण्याचा अंतरिम आदेश दिला. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने तो बाजूला ठेवून फेरविचाराला परत पाठवला. जानेवारी २००१मध्ये तडजोड झाली, मायक्रोसॉफ्टने दोन कोटी डॉलर मोजले. तोवर त्यांनी डॉट नेट जाहीर करून स्वतःचे वेगळे घर बांधायला घेतले होते, ते २००२मध्ये बाजारात आले. त्याच्या सी-शार्प भाषेत फंक्शनच्या डोक्यावर डीएलएलचे नाव लिहिले की थेट पलीकडे हाक जाते. ही युक्ती मायक्रोसॉफ्टच्या त्या वादग्रस्त जावातही होती. आम्ही तेव्हा पदविकेच्या वर्गात बसलो होतो; यातले काहीच कानावर आले नव्हते.

आता आमची यादी. व्हर्च्युअल मशीन मरताना एक मृत्युपत्र लिहून ठेवते. शेवटचे पाऊल कुठे पडले ते त्यात असते आणि त्या ओळीआधी एक अक्षर. आमच्या ओळीआधी सी हे अक्षर होते, म्हणजे मरण नेटिव्ह कोडमध्ये. पण ती ओळ आमच्या प्रोग्रॅमकडे बोट दाखवत नव्हती. ती होती जागा परत घेणाऱ्या साध्या सिस्टिम फंक्शनची. तो बिचारा नुसता प्रेत पाहणारा. जेएनआय तपासण्याचा जावाचा पर्याय लावला, तोही निमूट, कारण वेशीवरचे कागद सगळे बरोबर होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, असला मामला.

मग आम्ही जावाला बाजूला बसवले. सी प्रोग्रॅम एकटा घेतला, नावे एका फाइलमधून भरवली आणि वॅलग्रिंड या साधनाखाली चालवला. ते स्मृतीतल्या प्रत्येक लिहिण्यावर डोळा ठेवते, चाल कासवाची. दुपारी चहा यायच्या सुमारास त्याने ओळ क्रमांकासह दाखवले: नेमल्या जागेबाहेर लिखाण. नाव होते ज्ञानेश्वर.

कंत्राटदाराने हिशेब सरळ केला होता. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणून कृतिदेवातल्या खुणांच्या तिप्पट जागा आणि शेवटच्या शून्यासाठी एक. रमेशला हे पुरते: कृतिदेवात ५ खुणा, युनिकोडमध्ये ४ चिन्हे. पण कृतिदेवात ‘ज्ञ’ ही एकच खूण आणि युनिकोडमध्ये ज, हलन्त, ञ अशी तीन चिन्हे. ज्ञानेश्वर कृतिदेवात ७ खुणांचा, युनिकोडमध्ये १० चिन्हांचा. मागितली २२ बाइट, प्रत्यक्षात मिळाली २४, लिहिली ३१. उरलेली सात शेजाऱ्याच्या दारावर. शेजारी ते दार उघडायला जाईल तेव्हा घर कोसळणार. त्या क्षणी यादीत चालू असलेले नाव भलत्याचेच.

श्रीरामही हद्द ओलांडत होता, पण स्मृती ठरावीक मापात मिळते, त्या सैल जागेत तो मावला. म्हणून चाचणीच्या नावांत काही सापडले नव्हते. त्र्यंबक एका बाइटने बाहेर पडत होता. इंदुरात ज्ञानेश्वर आणि त्र्यंबक ही नावे कुणाच्या घरात ठेवतात, ते सांगायला नको. ‘बाजूला काढा, पुढे बघू’ झाले असते तर आपलीच म्हातारी माणसे बाजूला निघाली असती. आणि खरे तर तीही सगळी निघाली नसती, कारण अडलेली म्हणून दिसत होती ती नावे निर्दोषच होती.

तिपटीच्या जागी आम्ही बारापट लिहिले. एका आकड्याची दुरुस्ती, शोधायला अकरा दिवस. यादी त्याच संध्याकाळी एका दमात गेली.

जावाने पुढे वेशीची नवी बांधणी केली. मार्च २०२४च्या जावा २२मध्ये ती कायम झाली. तिच्यात पलीकडच्या स्मृतीलाही हद्द आखता येते आणि जावाच्या बाजूने कुणी ती ओलांडली तर कारभारी तिथेच अडवतो. मात्र सीने स्वतः केलेले अतिक्रमण त्याला आजही दिसत नाही. त्यानंतरच्या वर्षी आलेल्या जावा २४पासून परवानगी न घेता नेटिव्ह कोड उघडला की पडद्यावर इशारा येतो. आमचा तो जुना प्रोग्रॅम अजून कामावर आहे. मध्यंतरी जावा बदलली, तेव्हापासून रोज सकाळी इशारा येतो. नवा ऑपरेटर विचारतो, “सर, ये क्या लिख रहा है?” आम्ही त्याला बसवून ज्ञानेश्वरची गोष्ट सांगतो.